अर्थ सांगणारा

"अर्थ! बंधू जयवंत, अर्थ!" पास्टर तुपसुंदरांनी माईक माझ्या हनुवटीला टेकवला. "आत्मा बोलतोय. थांबू नका, अर्थ सांगा!"

माझ्यासमोर आमची जागा झाडणारी मुकी मावशी उभी होती. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात सुपली, डोक्यावरचा पदर मागे घसरलेला. आमच्या गावात येऊन तिला बारा वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात तिच्या तोंडून कुणी अक्षर ऐकलं नव्हतं. ती बाई उपासनेच्या ऐन मध्यात पुढे धावत आली होती आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती.

"गोडा पडतंदी! बैटकी पोंडी! पोंडी, पोंडी!"

"मुकी बोलली!" मागून कुणीतरी किंचाळलं. "हालेलूया! मुकी बोलली!"

दोनशे माणसं उभी राहिली. ढोलकी आपोआप सुरू झाली. मावशीनं खराटा टाकला आणि पुढच्या रांगेतल्या दोन बायकांचे दंड धरून त्यांना ओढायला लागली. त्या दोघीही आत्म्याच्या स्पर्शानं जागच्या जागी सतरंजीवर कोसळल्या. मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिनं दोन्ही हात वर करून आमच्या पाठीमागे दाखवलं, तर सगळ्या मंडळीनं हात वर केले.

"अर्थ!" पास्टर माझ्या कानात ओरडले.

मी डोळे मिटले. डोळे मिटले की लोक शांत होतात हे मला वर्षभराच्या अनुभवानं माहीत झालं होतं. 'गोडा' हा शब्द मला 'घोडा' असा ऐकू आला होता. तेवढं पुरेसं होतं.

"प्रभू म्हणतो," मी सुरुवात केली, "हे माझ्या लोकांनो, पाहा, विजयाचा घोडा तुमच्या दाराशी उभा आहे. पण त्याच्या टापा तुम्हाला ऐकू येत नाहीत, कारण तुमचा आवाज लहान आहे. आपला आवाज मोठा करा! भिंती हादरतील इतका मोठा करा!"

पास्टरांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी आजही विसरलेलो नाही. गेला महिनाभर ते नवे साउंड बॉक्स घ्यायचं म्हणत होते आणि पंचमंडळी ऐकत नव्हती.

हे सगळं आता सव्वीस वर्षांपूर्वीचं. मी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. लोक कंट्रोलर म्हणायचे. गाड्या लावायच्या, वहीत वेळा टिपायच्या आणि भोंग्यावरून पुकारायचं. माझा आवाज चांगला होता. "शेवगाव मार्गे पाथर्डीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे" हे मी अशा काही गांभीर्यानं म्हणायचो, की पाथर्डीला न जाणारी माणसंसुद्धा क्षणभर पिशवी उचलायची.

आमचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. मिशनच्या दगडी देवळात वाढलेलो. तिथली उपासना सव्वा तासात आटपायची आणि त्यात कधीच काही घडायचं नाही. मग तुपसुंदर पास्टर आले. त्यांनी बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं गोदाम घेऊन 'जिवंत झरा मंडळी' सुरू केली. तिथं ढोलकी होती, टाळ्या होत्या, माणसं रडायची, नाचायची आणि अन्य भाषेत बोलायची. पवित्र आत्मा उतरला की माणसाच्या तोंडून त्याला स्वतःला न कळणारी भाषा निघते, असं पास्टर सांगायचे. आमच्या मंडळीत ती महिनाभरात साठ-सत्तर जणांच्या तोंडून निघायला लागली.

यात खोडा घातला तो उजागरे सरांनी. सर हायस्कूलमधून निवृत्त झालेले, मला आठवीत मराठी शिकवलेले. सुनेच्या आग्रहामुळे ते या मंडळीत यायचे आणि मागच्या खुर्चीवर काठीवर हनुवटी टेकून बसायचे. एका रविवारी ते उठले आणि म्हणाले, "पास्टरसाहेब, पौल प्रेषितानं याबद्दल स्पष्ट सांगितलं आहे. मंडळीत अन्य भाषेत बोलायचं तर अर्थ सांगणारा पाहिजे. तो नसेल तर बोलणाऱ्यानं गप्प बसावं. आपल्याकडे अर्थ सांगणारा कोण?"

पास्टरांची नजर सगळ्यांवरून फिरली आणि माझ्यावर थांबली.

"बंधू जयवंत ओहोळ," ते म्हणाले. "ज्यांचा आवाज देवानं आधीच अख्ख्या तालुक्याला ऐकवला आहे!"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती आणि स्टँडवर मला कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

हळूहळू मला जमायला लागलं. आधी थोडी स्तुती, मग इशारा, मग वचन आणि शेवटी पास्टर त्या आठवड्यात जे म्हणत असतील ते. माझ्या अर्थात पास्टरांच्या मनाविरुद्ध कधीच काही निघालं नाही. ते फक्त उजागरे सरांच्या लक्षात आलं. एकदा बाहेर चपला घालताना मला म्हणाले, "जयवंता, आज तो टेलर एक शब्द नऊ वेळा बोलला. तू त्याची चौदा वाक्यं केलीस. फारच काटकसरीची भाषा दिसते ती."

माझी बायको करुणा त्याहून कमी बोलायची. "गॅस संपलाय म्हणून चार दिवस सांगतेय," ती म्हणाली. "त्याचा अर्थ कधी लागायचा?"

सगळं ढोंगच होतं असं मात्र मी म्हणणार नाही. हन्नाबाई नावाची एक विधवा होती. तिचा एकुलता एक मुलगा गोदावरीत बुडालेला. ती खाली मान घालून पुटपुटायची, कुणाला ऐकू जाऊ नये असं. शब्द कळायचे नाहीत, पण ती देवाशी बोलते आहे एवढं कळायचं. तिच्यापुढे पास्टरांनी माईक धरला की माझी जीभ जड व्हायची. तिचाही अर्थ मी सांगितलाच. तिलाही मी घोडे, कर्णे आणि विजय दिले.

तर मुकी मावशी बोलली आणि आमच्या मंडळीचं नाव जिल्हाभर झालं. पुढच्या रविवारी मावशी पुन्हा ओरडली, त्याच्या पुढच्या रविवारीही. दर वेळी तेच शब्द, दर वेळी आमच्या मागे हात दाखवणं, दर वेळी बायकांना दंड धरून दाराकडे ओढणं. बायकांनी मग तिच्या वाटेत आधीच रांग लावायला सुरुवात केली. पास्टरांनी तिचं बोलणं कॅसेटवर घेतलं. माझ्या पहिल्या अर्थाप्रमाणे दोन साउंड बॉक्स आले, कपाटाएवढे. ते व्यासपीठामागच्या दगडी भिंतीत लोखंडी आकडे ठोकून उंचावर टांगले. ते टांगले त्या दिवशी मावशी जमिनीवर बसून कपाळ बडवून रडली. पास्टर म्हणाले, आनंदाश्रू.

मग महासभा ठरली. जिल्ह्याहून मोठे वक्ते येणार होते. बॅनरवर पास्टरांचा फोटो, खाली "मुकी बोलते, आत्मा डोलतो!" आणि त्याखाली बारीक अक्षरांत माझं नाव. पास्टरांनी मला कॅसेट दिली.

"बंधू, पाहुण्यांसमोर अडखळायला नको. नीट ऐकून अर्थ लिहूनच आणा."

"लिहून?" मी विचारलं. "पण अर्थ तर त्या वेळी आत्मा देतो ना?"

"आत्मा तयारीच्या आड येत नाही," पास्टर म्हणाले.

महासभेच्या रविवारी सकाळी दहापर्यंत माझी ड्युटी होती. दोन पानांचा अर्थ मी घरूनच लिहून आणला होता. साडेनऊच्या सुमारास मी पैठणची गाडी पुकारली, टेपरेकॉर्डर टेबलावर माईकच्या शेजारी ठेवला आणि अर्थाचा बोलण्याशी मेळ बसतो का ते बघायला कॅसेट लावली. माईकचं बटण खाली करायचं मी विसरलो.

"गोडा पडतंदी! बैटकी पोंडी!"

मावशीचा आवाज स्टँडच्या आठही भोंग्यांतून निघाला. लोकांनी माना वर केल्या. चहावाल्यानं किटली खाली ठेवली. आणि फलाट क्रमांक तीनवर गाठोडी, पहारी, घण घेऊन बसलेली दहा-बारा माणसं एका झटक्यात उठली. बायकांनी पोरं काखोटीला मारली, पुरुषांनी म्हाताऱ्यांना धरलं आणि सगळी छपराखालून बाहेर मोकळ्या पटांगणात धावत सुटली.

मी खिडकीतून बघत राहिलो. त्यांच्यातला एक पन्नाशीचा माणूस मुंडासं सावरत माझ्या केबिनकडे धावत आला.

"सायब, कुठली भिंत पडाया लागली?"

"कसली भिंत?"

"आवं, आत्ता तुमच्या भोंग्यावर ती म्हातारी वरडली न्हवं का! भिंत पडती, भाईर व्हा म्हनून!"

मी टेप बंद केला. "तुम्हाला ती भाषा कळते?"

"कळंल न्हाई तर! वडारी हाय. आमी घरात हेच बोलतो."

"हे 'गोडा' म्हणजे?"

"भिंत."

"घोडा नाही?"

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी खुर्चीवर बसलो. त्याचं नाव तिम्मा धोत्रे. दगड फोडणाऱ्या टोळीबरोबर तो पाथर्डीकडे निघाला होता. मी त्याला आत घेतलं, दार लावलं, माईक बंद असल्याचं दोनदा पाहिलं आणि कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली. तो एकेक वाक्य ऐकून सांगत गेला.

"म्हनती, भिंत पडती, भाईर चला. म्हनती, सांध्यातला चुना रोज गळतो, मी रोज झाडती, काल दोन पाट्या निघाला. म्हनती, पलीकडच्या अंगाला चर खनलाय, पाया उघडा पडला. आता म्हनती, ए पोरी, ऊठ, निजू नको, मरशील." तिम्मा थांबला. "सायब, कोन निजलंय?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "पुढे?"

"म्हनती, एवढं मोठ्ठं पेटारं भिंतीला कुनी टांगाया लावलं? त्याच्या अकलेला आग लागो."

माझ्यासमोर टेबलावर माझा दोन पानी अर्थ पडला होता. वळणदार अक्षरात. त्यात घोडा सहा वेळा होता.

माझ्या जागी दुसरा माणूस आला तेव्हा दहा वाजून गेले होते. मी तिम्माला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि जीव खाऊन निघालो. वाटेत तो विचारत होता, "म्हातारी आमची कुठली? नाव काय?" मला सांगता आलं नाही. तिचं नाव मला माहीतच नव्हतं.

गोदाम गच्च भरलं होतं. माणसं खिडक्यांत बसली होती. साउंड बॉक्स असे घुमत होते की छातीत धडधड होत होती. वर्षभर मी त्या भिंतीकडे पाठ करून उभा राहत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. खाली सरळ, मध्ये बाहेर आलेली, वर पुन्हा आत गेलेली. तिम्मा बाजूनं जाऊन तिला तळहात लावून आला.

"हिनं पोट काढलंय," तो म्हणाला. "दगूड आतून सुटल्यात. ते वाजवायचं आधी बंद करा."

मी व्यासपीठावर चढलो आणि पास्टरांच्या कानाशी लागलो. "पास्टर, ही भिंत पडणार आहे. मावशी तेच सांगते आहे. ती वडारी बोलते."

पास्टर हसतमुखानं समोर बघत राहिले. "नंतर, बंधू. पाहुणे बसलेत."

"अहो, माणसं मरतील!"

"बंधू जयवंत," ते तसेच हसत म्हणाले, "मोठ्या सभेच्या आधी सैतान मन विचलित करतो. मलाही सकाळपासून पोटात कळ येते आहे."

तेवढ्यात दाराशी गलका झाला. मावशी दारात उभी होती, आत यायला तयार नव्हती. चार स्वयंसेवकांनी तिला उचलूनच पुढे आणलं. व्यासपीठावर तिची नजर भिंतीकडे गेली आणि ती ओरडली. दोन्ही बॉक्समधून तिचा आवाज फुटला आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तिच्या मागच्या सांध्यातून चुन्याची बारीक धार खाली गळली.

"अर्थ!" पास्टरांनी माईक माझ्या हातात दिला.

मी डोळे मिटले नाहीत. साध्या आवाजात म्हणालो, "ती म्हणते आहे की ही मागची भिंत पडणार आहे. सगळ्यांनी बाहेर चला."

क्षणभर कुणी हललं नाही. मग पास्टरांनी दुसरा माईक उचलला.

"ऐकलंत? भिंत पडणार आहे! कुठली भिंत? पापाची भिंत! तुमच्या आणि देवाच्या मधली भिंत! आज ती पडणार आहे!"

"हालेलूया!" सगळं गोदाम गरजलं.

"दगडी भिंत!" मी ओरडलो. "ही! ही इथली!"

"दगडासारखी कठीण अंतःकरणं!" पास्टर म्हणाले. "पडू दे, प्रभू, पडू दे!"

"पडू दे! पडू दे!" दोनशे-तीनशे माणसं हात वर करून भिंतीकडे बघत ओरडायला लागली.

एकच माणूस उठला. उजागरे सरांनी चष्मा कपाळावर सारून भिंतीकडे पाहिलं, काठी उचलली, सुनेचा हात धरला, नातवाला पुढे घातलं आणि कुणाशीही न बोलता बाहेर पडले.

मला कळून चुकलं की खरं सांगून इथं कुणी हलणार नाही. मी वर्षभर या माणसांना जे शिकवलं होतं तेच ती करत होती. मग मी डोळे मिटले. आवाज खाली आणला, जरा कापराही केला.

"प्रभू म्हणतो," मी म्हणालो, "माझा आशीर्वाद आज या छपराखाली उतरणार नाही. तो बाहेर, चिंचेखालच्या मैदानात उतरतो आहे. जो आधी पोचेल त्याला दुप्पट, जो शेवटी राहील त्याला उरलासुरला. बायका-मुलं पुढे. मावशीनं धरलेला हात सोडू नका. घाई करा, उतरायला सुरुवात झाली आहे!"

गोदाम तीन मिनिटांत रिकामं झालं. एसटी आल्यावर लोक खिडकीतून रुमाल टाकतात ना, तशी माणसं खिडक्यांतून बाहेर उड्या टाकत होती. मोठे वक्ते सगळ्यांच्या पुढे होते. तिम्मा आणि मी दाराच्या दोन बाजूंना उभे राहून म्हाताऱ्यांना हात देत होतो. मावशी शेवटी निघाली आणि उंबऱ्यावर पाय पसरून बसली.

बाहेर सगळे हात पसरून आभाळाकडे बघत उभे राहिले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. ऊन चांगलंच तापलं होतं. कुजबुज सुरू झाली. एका बाईनं विचारलं, "दुप्पट म्हणजे नक्की किती?" पास्टर माझ्याजवळ आले. चेहरा लाल झाला होता.

"पाहुण्यांसमोर माझी शोभा केलीत, बंधू. तुमचं काय ते नंतर बघतो." मग लोकांकडे वळून म्हणाले, "आशीर्वाद मिळालेला आहे! चला, आत चला!"

ते दाराकडे निघाले. मावशी उंबऱ्यावरून हलली नाही. पास्टरांनी तिला उठायची खूण केली. तिनं त्यांच्या झब्ब्याची बाही धरली आणि मनगटाला वेढा दिला. आयुष्यभर घण उचललेला हात होता तो. पास्टर सोडवून घ्यायला लागले, "सोडा, मावशी, सोडा," असं म्हणता म्हणता त्यांचा एक पाय उंबऱ्याच्या आतही गेला आणि तेवढ्यात आत काहीतरी कुरकुरलं. आधी एक बॉक्स खाली आला. मग सगळी भिंत कंबरेतून वाकून बसल्यासारखी व्यासपीठावर आणि पुढच्या सात-आठ रांगांवर बसली. धुळीचा लोट दारातून बाहेर आला आणि पास्टर, मावशी, मी, सगळेच पांढरे झालो.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. धूळ खाली बसली. मग हन्नाबाईनं गुडघे टेकले आणि बाकीच्यांनीही. त्या एका क्षणी तिथं जे होतं ते खरं होतं असं मला वाटतं. ढोलकी नव्हती, माईक नव्हता.

त्या दुपारी चिंचेखाली तिम्मा आणि मावशी समोरासमोर बसले. तिम्मा तिच्या कानाला तोंड लावून बोलत होता, कारण तिला ऐकू फार कमी यायचं. खाणीतल्या सुरुंगानं कान गेले होते. त्याच सुरुंगानं नवराही गेला होता. टोळी पुढे निघून गेली आणि ती जिनिंगच्या आडोशाला मागे राहिली. तिला ऐकू येत नव्हतं, मराठी येत नव्हतं. लोक काही विचारायचे, ती नुसती बघायची. म्हणून ती मुकी. तिचं नाव यल्लाबाई.

"त्यांना विचारा," मी तिम्माला म्हणालो, "एवढे दिवस माझ्याबद्दल त्यांना काय वाटलं?"

तिम्मानं विचारलं. ती माझ्याकडे बघून बराच वेळ बोलली. तिम्मा हसायला लागला, मग एकदम गंभीर झाला.

"म्हनती, मला वाटलं ह्योच एक शाना. मी बोलती आन ह्यो लोकांना समजावून सांगतो. तरी लोक उठत का न्हाईत, म्हनून मी आनखी जोरात वरडायची."

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही. पडलो असतो तर त्याचाही कुणीतरी फोटो काढला असता.

यल्लाबाई त्याच संध्याकाळी तिम्माच्या टोळीबरोबर पाथर्डीच्या गाडीनं गेली. गाडी मीच पुकारली.

पुढच्या रविवारी मैदानात मांडव घातला. उपकारस्तुतीची सभा. याआधी आलेल्या माणसांच्या दुप्पट माणसं आली, कारण जिवंत झरा मंडळीत मुकीनं भविष्य सांगितलं आणि अर्थ सांगणाऱ्यानं तीनशे जीव वाचवले, ही बातमी वर्तमानपत्रात आली होती. पास्टरांनी माझ्यासाठी हार आणला होता. मी करुणाला सगळं सांगितलं होतं. ती पहिल्यांदाच माझ्याबरोबर आली आणि पुढे बसली. उजागरे सर तिच्या शेजारी होते.

मी हार घातला नाही. माईक घेतला आणि स्टँडवर बोलतो तसं स्वच्छ बोललो.

"मंडळी, मला अर्थ सांगण्याचं कसलंही दान मिळालेलं नाही. वर्षभर मी जे सांगितलं ते माझ्या मनचं होतं. यल्लाबाई वडारी भाषेत भिंत पडते आहे असं सांगत होत्या आणि मी घोडा सांगितला. माझ्यामुळे ते बॉक्स त्या भिंतीवर चढले. शेवटचं आशीर्वादाचं सांगितलं तेही खोटं होतं. हन्नाबाई, तुमच्या प्रार्थनेचा मी जो अर्थ लावला तो विसरून जा. मी तुमची सगळ्यांची माफी मागतो."

करुणानं मान हलवली. हन्नाबाईनं डोळे पुसले. मला वाटलं, संपलं, सुटलो.

पास्टर तुपसुंदर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"प्रियजनहो," ते हळू आवाजात म्हणाले, "बंधू जयवंत काय बोलले ते तुमच्यापैकी पुष्कळांना कळलं नसेल. मी अर्थ सांगतो. ते म्हणतात, मी कुणी नाही. ते म्हणतात, माझं काही नाही, सगळं त्याचं आहे. एवढं मोठं दान मिळालेला माणूस म्हणतो की मला दानच नाही! याला म्हणतात नम्रता!"

"हालेलूया!" मांडव उसळला.

"मी मराठीत बोललो!" मी ओरडलो. "सरळ मराठीत बोललो!"

"ऐका! ते म्हणतात, प्रभूचा मार्ग सरळ आहे!"

ढोलकी सुरू झाली. उजागरे सर काठीवर कपाळ टेकवून हसत होते, की रडत होते, कुणास ठाऊक. मी माईक व्यासपीठावर ठेवला, खाली उतरलो, करुणाचा हात धरला आणि मांडवाबाहेर चालू लागलो. कुणी माझ्या शर्टाला हात लावत होतं, कुणी पायांना.

रस्त्याला लागलो तरी पास्टरांचा आवाज भोंग्यातून येतच होता. ते आमच्या निघून जाण्याचा अर्थ सांगत होते.